सिलिकॉनच्या साच्यातील कठीण पॉलियुरेथेन फोमचे ओतकाम

सिलिकॉन रबराच्या लवचीक साच्यात दोन द्रवांचे मिश्रण ओतून, ते साच्यातच फुगू देऊन व घट्ट होऊ देऊन हलक्या वस्तू घडवण्याच्या पद्धतीस सिलिकॉनच्या साच्यातील कठीण पॉलियुरेथेन फोमचे ओतकाम असे म्हणतात. या पद्धतीने तयार झालेली वस्तू आतून सूक्ष्म, बंद बुडबुड्यांनी भरलेली असते. त्यामुळे ती भरीव दिसते, परंतु वजनाला त्याच आकाराच्या प्लास्टरच्या वस्तूच्या अनेक पटींनी हलकी असते. मुखवटे, सजावटीचे खांब व कमानी, नाटक-चित्रपटांतील साहित्य, संग्रहालयांतील प्रतिकृती आणि शल्यचिकित्सेच्या सरावासाठी लागणारी कृत्रिम हाडे यांसाठी ती वापरली जाते.

धातू, मेण किंवा प्लास्टर ओतताना साचा काठोकाठ भरावा लागतो. येथे तो अर्ध्याहूनही कमी भरतात. उरलेली जागा फोम स्वतः फुगून व्यापतो. या ओतकामाचे सारे कौशल्य आणि त्यातील बहुतेक चुका या एका फरकातून उद्भवतात.

संज्ञा

गादी व सोफ्यातील मऊ फोम आणि येथे अभिप्रेत असलेला कठीण फोम हे एकाच रासायनिक कुळातील असले तरी त्यांचे गुणधर्म भिन्न आहेत. मऊ फोमचे बुडबुडे उघडे व एकमेकांना जोडलेले असतात, म्हणून तो दाबला जातो व पाणी शोषतो. कठीण फोमचे बुडबुडे बहुतांशी बंद असतात. शीतकपाटाच्या भिंतींत उष्णतारोधक म्हणून असतो तो हाच. बोलीत त्यास ‘पीयू फोम’ म्हणतात. ‘फेस’ हा चांगला मराठी शब्द उपलब्ध असूनही कारागिरांत तो रुळलेला नाही. ताकावर येतो तो फेस आणि साच्यात भरतो तो फोम, असा भेद व्यवहाराने केला आहे. प्रस्तुत लेखात ‘फोम’ हाच शब्द वापरला आहे. ‘थर्माकोल’ हा मात्र वेगळा पदार्थ असून तो पॉलिस्टायरीनपासून बनतो.

पूर्वपीठिका

साच्यात ओतून वस्तू घडवण्याची परंपरा महाराष्ट्रात फार जुनी आहे. सध्याच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ साली सापडलेल्या चार कांस्यवस्तू, म्हणजे रथ, हत्ती, गेंडा व म्हैस, भरीव ओतलेल्या असून त्यांचे एकत्रित वजन ६० किलोंहून अधिक आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मेणाची प्रतिमा करून तिच्यावर मातीचे लेप देण्याची, मेण वितळवून काढण्याची आणि त्या पोकळीत धातू ओतण्याची कृती आली आहे. मेणाच्या वजनावरून धातूचे वजन ठरवण्याची रीतही तेथे सांगितली आहे. त्या पद्धतीत प्रत्येक ओतकामानंतर साचा फोडावा लागतो.

पुन्हा पुन्हा वापरता येईल असा लवचीक साचा ही नंतरची सोय आहे. रायगड जिल्ह्यातील पेण व हमरापूर परिसरातील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत रबरी साच्यांत प्लास्टर ओतण्याचे काम मोठ्या प्रमाणावर चालते. मूळ मूर्तीवर रबराचे थर चढवणे, त्यांस बाहेरून कठीण कवचाचा आधार देणे आणि सुकलेल्या मूर्तीवरून साचा मोज्याप्रमाणे उलटा सोलून काढणे ही कौशल्ये तेथील कारागिरांच्या अंगवळणी पडलेली आहेत. सिलिकॉन व फोम हे पदार्थ नवे असले तरी काम मुळात तेच आहे.

पॉलियुरेथेनचा शोध जर्मनीतील लेव्हरकुसेन येथे ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये लावला. मिश्रणात ओलावा शिरल्याने पडणारे बुडबुडे आरंभी दोष मानले गेले. पुढे त्याच दोषातून फोमचा उद्योग उभा राहिला. सिलिकॉन रबराचे औद्योगिक उत्पादन १९४० च्या दशकात सुरू झाले आणि सामान्य तापमानास घट्ट होणारे, साच्यांस योग्य असे प्रकार त्यानंतरच्या दशकात उपलब्ध झाले.

फोम फुगतो कसा

फोमचे साहित्य दोन डब्यांत येते. एका डब्यात पॉलिऑल, थोडे पाणी, उत्प्रेरक आणि बुडबुडे स्थिर ठेवणारे द्रव्य असते. दुसऱ्यात तपकिरी रंगाचे आयसोसायनेट, बहुधा ‘एमडीआय’ या वर्गातील, असते. दोन्ही एकत्र येताच दोन क्रिया समांतर सुरू होतात. पॉलिऑल व आयसोसायनेट यांच्या संयोगाने पॉलियुरेथेनचे जाळे विणले जाते, तर पाणी व आयसोसायनेट यांच्या संयोगाने कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. वायू द्रवाला फुगवतो आणि विणले जाणारे जाळे त्या बुडबुड्यांना जागच्या जागी धरून ठेवते. जाळे लवकर घट्ट झाले तर फोम पुरेसा फुगत नाही; वायू लवकर सुटला तर बुडबुडे फुटून फोम खाली बसतो. दोन्हींचा मेळ उत्प्रेरकाने साधला जातो.

फुगवण्यासाठी पूर्वी ‘एचसीएफसी-१४१बी’ हे द्रव्यही मोठ्या प्रमाणावर वापरीत. ते ओझोनच्या थरास हानिकारक असल्याने भारताने १ जानेवारी २०२० पासून त्याचा वापर पूर्णपणे बंद केला.

न फुगलेल्या घन पॉलियुरेथेनची घनता प्रति घनमीटर साधारण १,१०० ते १,२०० किलो असते. फोमची घनता या आकड्याच्या जितकी खाली, तितका त्याचा फुगवटा अधिक. प्रति घनमीटर ८० किलो घनतेचा फोम मूळ द्रवाच्या सुमारे चौदा पट, १६० किलोचा सुमारे सात पट, तर २४० किलोचा चार-पाच पट जागा व्यापतो. नाजूक कोरीव तपशील हवा असल्यास जड फोम आणि केवळ पोकळी भरायची असल्यास हलका फोम निवडतात.

साचा

फोम हा मुळात उत्तम चिकट पदार्थ आहे. लाकूड, धातू, काच, कापड आणि कातडी या सर्वांस तो घट्ट धरतो. सिलिकॉनला मात्र तो सहसा चिकटत नाही, हे सिलिकॉन निवडण्याचे पहिले कारण. दुसरे कारण लवचीकपणा. मुखवट्याची नथ, कानांच्या मागील खाच, अंबाड्याचा वळसा अशा आतल्या अंगाने वळलेल्या जागांतून कठीण साचा वस्तू न मोडता निघू शकत नाही. सिलिकॉन ताणला जातो आणि पुन्हा मूळ आकारास येतो.

साच्याचे सिलिकॉन मुख्यतः दोन प्रकारचे असते. कथिलाच्या संयुगाने घट्ट होणारा प्रकार स्वस्त व सोशिक असतो. परंतु तो किंचित आकसतो आणि काही वर्षांनी, न वापरताही, ठिसूळ होतो. प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने घट्ट होणारा प्रकार मापाला पक्का व दीर्घायुषी, पण महाग आणि मानी. गंधकयुक्त शिल्पमाती, रबरी हातमोजे, कथिलाच्या सिलिकॉनचे अवशेष किंवा काही रेझिने यांचा नुसता स्पर्श झाला तरी तो त्या ठिकाणी चिकट राहतो, घट्ट होत नाही. म्हणून मूळ मूर्तीच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर थोडे सिलिकॉन लावून पाहण्याची सवय चांगली. मूळ वस्तू शाडूची असल्यास ती पूर्ण वाळवून तिच्यावर लॅकरचा पातळ थर द्यावा लागतो.

पहिला हात पातळ देतात, जेणेकरून बारीक रेषांत हवा अडकत नाही. पुढील थर दाट देऊन एकूण जाडी ६ ते १० मिलिमीटरपर्यंत नेतात. त्यावर प्लास्टरचे किंवा फायबरग्लासचे कवच चढवतात. फोमच्या कामात या कवचास विशेष महत्त्व आहे. प्लास्टर ओतताना साच्यावर केवळ त्याच्या वजनाचा भार येतो, तर फोम आतून सर्व दिशांनी रेटतो. कवच कमकुवत असेल तर चेहरा फुगीर निघतो आणि गाल सुजल्यासारखे दिसतात.

ओतण्याची रीत

मराठवाड्यात ज्येष्ठा गौरींना ‘महालक्ष्म्या’ म्हणतात. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर त्यांचे आवाहन, ज्येष्ठावर पूजन व मूळ नक्षत्रावर विसर्जन होते. हे विसर्जन प्रतीकात्मक असते. मुखवटे उतरवून कापडात गुंडाळून पुढील वर्षासाठी ठेवले जातात. पितळ, शाडू, प्लास्टर व फायबर यांचे मुखवटे प्रचलित आहेत. साड्या नेसवलेल्या उंच स्टँडवर जड मुखवटा बसवला की तो डोलतो, हा परभणी जिल्ह्यातील अनेक घरांचा अनुभव आहे. हलका, न फुटणारा व वर्षानुवर्षे टिकणारा मुखवटा हे फोमच्या ओतकामाचे समर्पक उदाहरण असल्याने पुढील कृती त्याच्याच आधारे दिली आहे.

प्रथम साच्याचे आकारमान मोजावे. पाणी भरून मोजणे सोपे खरे, परंतु साच्याच्या एखाद्या खाचेत राहिलेला पाण्याचा थेंब तेथे मोठे बुडबुडे पाडतो. त्यापेक्षा कोरडी ज्वारी भरून ती मापाने मोजावी; ज्वारीच्या या मुलखात ती प्रत्येक घरात असते. समजा, साचा २ लिटरचा भरला. प्रति घनमीटर १६० किलो घनता म्हणजे लिटरला १६० ग्रॅम. म्हणून २ लिटरला ३२० ग्रॅम मिश्रण लागेल. फोम कोपऱ्याकोपऱ्यांत दाबून बसावा म्हणून १० ते २० टक्के अधिक घेतात. १५ टक्के धरल्यास ३६८ ग्रॅम, आणि भांड्याला चिकटून राहणारे धरून ३८० ते ३९० ग्रॅम मिश्रण करावे. तोच मुखवटा प्लास्टरचा व भरीव केला तर त्याचे वजन २ किलोंहून अधिक भरेल.

दोन द्रवांचे प्रमाण अनेकदा ‘सारखे’ असे सांगितले जाते. ते आकारमानाने सारखे की वजनाने, हे डब्यावर पाहणे अत्यावश्यक आहे. आयसोसायनेट पॉलिऑलपेक्षा जड असते. मापाने सारखे असलेले द्रव काट्यावर सारखे भरत नाहीत. नवशिक्यांची निम्मी निराशा या एका शब्दाच्या दुर्लक्षातून येते.

साचा स्वच्छ व कोरडा करून त्यास सुटण्यासाठीचे मेणयुक्त द्रव्य हलक्या हाताने लावतात. सिलिकॉनला फोम चिकटत नसला तरी दर ओतकामागणिक रसायने साच्याचा पृष्ठभाग थोडा थोडा खातात. या द्रव्याने साच्याचे आयुष्य वाढते. मात्र ते खाचांत साचले तर फोमचे बुडबुडे तेथे कोसळतात व पृष्ठभाग खडबडीत होतो. चेहऱ्यावर सुईच्या टोकाएवढीही छिद्रे नको असतील तर आधी न फुगणाऱ्या पॉलियुरेथेन रेझिनचा एक हात साच्यात फिरवतात आणि तो चिकट असतानाच त्यावर फोम ओततात. मुखवट्यासाठी हा थर दिलेला बरा, कारण रंगकाम त्याच्यावरच उठून दिसते.

द्रव एकत्र केल्यावर १५ ते २५ सेकंदांत, कडा व तळ खरवडून, जोराने ढवळावे लागतात. साधारण अर्ध्या ते एका मिनिटात मिश्रण दुधाळ होऊन चढू लागते. त्याआधी ते साच्याच्या सर्वांत खोल भागात, म्हणजे नाकाच्या टोकाशी, एकाच धारेने गेले पाहिजे. चढू लागलेला फोम पुन्हा ढवळणे किंवा वरून आणखी ओतणे हे काम बिघडवण्याचे हमखास उपाय आहेत. नंतर वर पाठीची फळी ठेवून ती शिकंजांनी आवळतात. फळीस काही बारीक छिद्रे ठेवावी लागतात. त्यांतून प्रथम हवा आणि मागोमाग फोमचे कोंब बाहेर आले, की साचा भरल्याची खूण पटते.

फळी हाताने दाबून धरण्याचा मोह टाळावा. फुगणाऱ्या फोमचा दाब चौरस सेंटीमीटरला केवळ १०० ग्रॅम धरला, तरी ३० सेंटीमीटर लांब-रुंद फळीवर तो ९० किलो होतो. शिकंजे आधीच लावून तयार ठेवणे हाच मार्ग.

स्पर्शाला घट्ट लागला म्हणून फोम लगेच काढू नये. आतला भाग बराच वेळ उष्ण राहतो, कारण फोम स्वतःच उत्तम उष्णतारोधक आहे. लवकर काढलेली वस्तू बाहेर आल्यावर फुगते, तर पुरेसे मिश्रण न घातलेली वस्तू थंड होताना आकसते. पातळ वस्तूंना अर्धा-एक तास पुरतो. जाड वस्तू दुसऱ्या दिवशी काढलेली उत्तम.

हवामानाचा परिणाम

डब्यावर दिलेले वेळ २० ते २५ अंश सेल्सियस तापमानासाठी असतात. परभणीत उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा वेळी मिश्रण भांड्यातच चढू लागते. हिवाळ्यातील रात्री किमान तापमान १० अंशांच्या खाली, कधी कधी ५ अंशांच्या आसपास उतरते. थंड साच्याला टेकलेला फोम तेथे फुगत नाही आणि जाड, जड कातडी धरतो. म्हणून उन्हाळ्यात पहाटे आणि हिवाळ्यात दुपारी काम करणे सोयीचे. पावसाळ्याची अडचण वेगळी आहे. आयसोसायनेटच्या उघड्या डब्यात दमट हवा शिरली की त्यावर साय धरते व द्रव निकामी होतो. महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांची मागणी नेमकी याच दिवसांत असते. त्यामुळे ओतकाम वैशाखापूर्वी उरकून पावसाळा रंगकामास ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरते.

आरोग्य व आग

भोपाळ येथे २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री गळती झालेला वायू मिथाइल आयसोसायनेट हा होता. फोममध्ये वापरले जाणारे एमडीआय हे त्याच गटातील, परंतु वेगळे द्रव्य आहे. ते सामान्य तापमानास फारच कमी प्रमाणात वाफ होते, त्यामुळे दोहोंची सरसकट तुलना योग्य नाही. तरीही ते निरुपद्रवी नाही. आयसोसायनेटच्या वारंवार संपर्काने श्वसनसंस्था त्याबाबत अतिसंवेदनशील होऊ शकते. एकदा तसे झाले की अत्यल्प मात्राही दम्याचा झटका आणते आणि त्या व्यक्तीस हे काम कायमचे सोडावे लागते. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने एमडीआयसाठी आठ तासांच्या कामाच्या सरासरीने सुचवलेली मर्यादा हवेच्या एक अब्ज भागांत पाच भाग एवढी सूक्ष्म आहे. एवढ्या प्रमाणात त्याचा वास येत नाही. म्हणून ‘वास येत नाही, म्हणजे धोका नाही’ हा समज घातक आहे.

नायट्राइलचे हातमोजे, बंद चष्मा, पूर्ण बाह्यांचा अंगरखा, रासायनिक वाफा रोखणारा मुखपट्टा आणि खेळती हवा ही किमान तयारी होय. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क येथे निरुपयोगी असतो. फवारणी किंवा तापवणे यांत धोका वाढतो. घट्ट झालेला फोम घासतानाची धूळही श्वासात जाऊ देऊ नये. राहत्या घरात, स्वयंपाकघराशेजारी, लहान मुलांच्या वावरात हे काम करू नये. उरलेल्या आयसोसायनेटमध्ये पाणी शिरले असेल तर त्या डब्याचे झाकण घट्ट लावू नये. वायू कोंडून डबा फुटतो.

फोम पेट घेतो आणि जळताना कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू सोडतो. समई, निरांजन व उदबत्ती यांच्या सान्निध्यात राहणाऱ्या मुखवट्याच्या बाबतीत ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. आगरोधक द्रव्य मिसळलेला फोम उशिरा पेटतो, परंतु न जळणारा होत नाही. याबाबतीत पितळ आणि शाडू निर्विवाद श्रेष्ठ आहेत.

अन्य उपयोग

कठीण फोमची रचना हाडाच्या आतील सच्छिद्र भागाशी जुळणारी असल्याने अस्थिशल्यचिकित्सक त्यावर छिद्र पाडण्याचा व स्क्रू बसवण्याचा सराव करतात. अस्थिरोपणाची साधने तपासण्यासाठी वापरावयाच्या अशा फोमचे ‘एएसटीएम एफ १८३९’ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध आहे.

परभणी जिल्ह्यातील धारासूर (तालुका गंगाखेड) येथील गुप्तेश्वर मंदिराच्या सुरसुंदरी आणि चारठाणा (तालुका जिंतूर) येथील मंदिरावशेष पाहता, शाळांत व प्रदर्शनांत हाताळता येतील अशा हलक्या प्रतिकृतींची कल्पना सहज सुचते. मात्र प्राचीन दगडावर थेट सिलिकॉन चढवणे अयोग्य होय. सिलिकॉनमधील तेल दगडाच्या छिद्रांत मुरून कायमचा डाग पडतो, आणि झिजलेल्या पापुद्र्यांचे कण साच्याबरोबर निघून येतात. संरक्षित स्मारकांच्या बाबतीत पुरातत्त्व विभागाच्या परवानगीविना तसे करताही येत नाही. शिल्पाची अनेक बाजूंनी छायाचित्रे घेऊन संगणकावर त्रिमितीय आकृती तयार करणे, ती छापून मूळ नमुना करणे आणि त्या नमुन्यावर साचा घेणे, हा दगडास हात न लावता प्रतिकृती करण्याचा मार्ग आहे.

गणेशमूर्ती व विसर्जन

प्लास्टर ऑफ पॅरिसला पर्याय म्हणून हलक्या फोमच्या मूर्तींची कल्पना मांडली जाऊ शकते. परंतु विसर्जन करावयाच्या मूर्तीसाठी हा पदार्थ सर्वथा अयोग्य आहे. शाडू पाण्यात विरघळून गाळ होतो. प्लास्टर विरघळत नाही, पण बुडते. फोम विरघळत नाही आणि बुडतही नाही. पाण्याच्या तुलनेत अत्यंत हलका असल्याने तो तरंगत राहतो, कालांतराने उन्हाने पिवळा पडून त्याचा भुगा होतो आणि भुगा पाण्यात पसरतो. एकदा घट्ट झालेले पॉलियुरेथेनचे जाळे वितळत नसल्याने तुकडे गोळा करून पुन्हा ओतताही येत नाहीत.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये मूर्तिविसर्जनाविषयीची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत नैसर्गिक, विघटनशील मातीच्या मूर्तींचा पुरस्कार असून प्लास्टर, प्लास्टिक व थर्माकोल यांस विरोध आहे. ९ जून २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने प्लास्टरच्या मूर्ती घडवण्यास व विकण्यास मुभा दिली, परंतु त्यांचे नैसर्गिक जलस्रोतांत विसर्जन करण्यास परवानगी दिली नाही. महाराष्ट्र शासनाच्या २३ मार्च २०१८ च्या प्लास्टिकविषयक अधिसूचनेने सजावटीतील थर्माकोलवरही बंदी आणली. फोमची कमान किंवा मखर थर्माकोलपेक्षा बळकट असते व दहा-पंधरा वर्षे पुन्हा पुन्हा उभारता येते. मात्र एका उत्सवापुरती करून टाकून दिल्यास थर्माकोलवरील सर्व आक्षेप तिलाही जसेच्या तसे लागू पडतात.

रंगवलेला फोमचा मुखवटा दिसण्यात फायबरच्या किंवा प्लास्टरच्या मुखवट्याहून वेगळा ओळखू येत नाही. हातात घेतल्यावर वजनानेच फरक कळतो. त्यामुळे मुखवट्याच्या पाठीमागे, रंग न लागणाऱ्या जागी, पदार्थाचे नाव व ओतल्याचे वर्ष कोरून ठेवावे. साच्यातच ती अक्षरे उलटी कोरली, तर प्रत्येक मुखवट्यावर ती आपोआप उमटतात.